26 नावांची यादी आणि मैदानात न उतरणारे 15 जण

डिचोलीहून एका पालकांनी विचारलं आहे. मुलगा 15 वर्षांचा, लेफ्ट विंगला, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेला खेळतो. राज्य संघाच्या चाचणीतून 20 जणांत त्याची निवड झाली, सगळ्या गावाने कौतुक केलं, पण स्पर्धेतले तिन्ही सामने तो बाकावरच बसून राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "खेळवायचं नव्हतं तर नेलं कशाला?" वडिलांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर्ल्ड कपलासुद्धा 26 जण नेतात आणि खेळतात 11. उरलेल्या 15 जणांची निवड कशावर होते? त्यात शिफारस चालते का? आणि भारताच्या संघात एके काळी गोव्याची इतकी नावं असायची, ती आता का दिसत नाहीत?

मी 28 वर्षं फोंडा तालुक्यात मुलांना फुटबॉल शिकवतो आहे. मधली काही वर्षं वयोगटांच्या राज्य संघांबरोबर कधी प्रशिक्षक, कधी व्यवस्थापक म्हणून फिरलो. याद्या केल्या आहेत, आदल्या रात्री नावं खोडलीही आहेत. त्यामुळे मुलाचा राग मला कळतो. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते त्याला नीट सांगायला हवं.

बहुतेकांची समजूत अशी असते की राष्ट्रीय संघ म्हणजे देशातले सर्वांत चांगले 26 खेळाडू, गुणांप्रमाणे एकाखाली एक लावलेले. तसं असतं तर यादी करणं सोपं झालं असतं. पहिली 11 नावं प्रशिक्षकाच्या डोक्यात महिनोन्‌महिने पक्की असतात, त्यांच्यावर फारसा वेळ जात नाही. बाराव्या नावापासून तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतो: तिथे गेल्यावर काय काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर माझ्याजवळ कोण आहे?

आकड्यांचा इतिहासही हेच सांगतो. 1998 पर्यंत वर्ल्ड कपला 22 जण नेता येत. 11 जागा, प्रत्येक जागेला दोघे. 2002 पासून 23 झाले. तीन गोलरक्षक आणि मैदानातल्या 10 जागांसाठी प्रत्येकी दोघे, असा तो हिशेब बसतो. 2022 मध्ये कतारला 26 नेण्याची मुभा मिळाली, कारण कोविडची धास्ती होती आणि स्पर्धा युरोपातल्या हंगामाच्या मध्यावर नोव्हेंबरात आली होती. खेळाडू क्लबकडून थकून येणार, तयारीला जेमतेम आठवडा मिळणार. म्हणजे यादी वाढली ती बिघाडाची शक्यता वाढली म्हणून.

दोघे-दोघे हा हिशेब कागदावर सरळ दिसतो, प्रत्यक्षात तो डाव्या बाजूला अडतो. डाव्या पायाचे खेळाडू मुळातच कमी. 2022 च्या फ्रान्सच्या संघात खरे लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचे बचावपटू, दोनच होते, लुका आणि थिओ हे एर्नांदेझ भाऊ. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत लुकाचा गुडघा गेला आणि त्याची स्पर्धा संपली. थिओ उतरला आणि चांगला खेळला. पण आता त्याच्यामागे कुणीच नव्हतं. ट्युनिशियाविरुद्ध थिओला विश्रांती द्यायची म्हटल्यावर कामाविंगाला, म्हणजे एका मिडफिल्डरला, तिथे उभं करावं लागलं. अंतिम सामन्यात थिओला बाहेर काढलं तेव्हाही त्या जागी कामाविंगाच आला. पहिला सामना सुरू झाल्यावर बाहेरून नवा खेळाडू आणता येत नाही, अपवाद गोलरक्षकाचा. जे काही करायचं ते बरोबर नेलेल्या माणसांतूनच.

हीच चूक माझ्या हातून झाली आहे. 16 वर्षांखालच्या मुलांचा संघ घेऊन आम्ही बाहेरच्या राज्यात गेलो होतो. लेफ्ट बॅकला एकच मुलगा होता. दुसरा चाचणीत बरा वाटला होता, पण त्याच्या जागी मी एक जादा स्ट्रायकर घेतला, कारण त्या स्ट्रायकरने चाचणीत तीन गोल मारले होते आणि मला ते सोडवेनात. दुसऱ्या सामन्यात लेफ्ट बॅकच्या मांडीचा स्नायू आखडला. उजव्या पायाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, तिथे ठेवला. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने ते 10 मिनिटांत ओळखलं आणि सगळा खेळ त्या बाजूला वळवला. तीन गोल त्याच बाजूने झाले. जादा स्ट्रायकर त्या वेळी माझ्याशेजारी बाकावर बसला होता. परतीच्या प्रवासात तो स्टॉपर कुणाशी बोलला नाही. चूक माझी होती, भोगली त्याने.

तेव्हापासून यादी करताना मी आधी नावं लिहीत नाही. कागदावर 11 जागा आखतो, प्रत्येक जागेखाली दोन ओळी सोडतो, आणि मग बघतो की कोणता मुलगा दोन जागांखाली बसतो. अशा मुलाचं मोल चाचणीत दिसत नाही. चाचणीत डोळ्यात भरतो तो ड्रिबल करणारा. पण 20 जणांच्या यादीत दोन जागा सांभाळणारे तिघे असले तर ती यादी 23 जणांची होते.

गोलरक्षकांचं वेगळं. तीन नेणं सक्तीचं, आणि तिसऱ्याला सहसा एक मिनिटही मिळत नाही. तरी 2014 मध्ये नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात काय केलं ते आठवा. जादा वेळ संपता संपता प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी सिलेसनला बाहेर काढलं आणि टिम क्रूलला केवळ पेनल्टी शूटआउटसाठी उतरवलं. क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या आणि संघ उपांत्य फेरीत गेला. ही योजना क्रूलला आधीपासून माहीत होती, सिलेसनला नव्हती. त्याच स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात अगदी शेवटी तिसरा गोलरक्षक मिशेल व्होर्म उतरला आणि नेदरलँड्स आपले सगळेच्या सगळे 23 खेळाडू मैदानात उतरवणारा पहिला संघ ठरला. 2022 मध्ये ब्राझीलने 26 च्या 26 जण खेळवले. तिसरा गोलरक्षक वेव्हर्टन दक्षिण कोरियाविरुद्ध शेवटच्या 10 मिनिटांसाठी उतरला, तेव्हा 4-1 असा निकाल जवळपास लागलेला होता. तो बदल डावपेचाचा नव्हता. महिनाभर बरोबर राबलेल्या माणसाला दिलेला तो मान होता, आणि मला तो त्या सामन्यातल्या चार गोलांपेक्षा जास्त लक्षात राहिला आहे.

बदली म्हणून ऐनवेळी आलेल्यांचीही गोष्ट सांगायला हवी, कारण राखीव यादीतल्या मुलांना ती सांगण्यासारखी आहे. 2022 च्याच स्पर्धेआधी फ्रान्सचा एन्कुंकू सरावात जखमी झाला आणि कोलो मुआनीला बोलावणं गेलं. मूळ यादीत त्याचं नाव नव्हतं. उपांत्य सामन्यात मोरोक्कोविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि मिनिटभराच्या आत गोल केला. अंतिम सामन्यात फ्रान्स दोन गोलांनी मागे असताना पहिली पेनल्टी मिळवून दिली ती त्यानेच, आणि जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझ याने पाय आडवा घालून अडवलेला तो फटकाही त्याचाच. तो गोल झाला असता तर करंडक फ्रान्सला गेला असता. पलीकडे अर्जेंटिनाच्या संघातही पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधी दोघे गळले, त्यांच्या जागी आंखेल कोरेआ आणि थियागो अल्मादा आले. दोघेही विश्वविजेते म्हणून घरी गेले.

आता आपल्या देशाकडे येऊ. जानेवारी 2019, आशिया करंडक, शारजा. थायलंडला 4-1 हरवून भारताने खळबळ उडवली होती आणि शेवटच्या गटसामन्यात बहारीनशी बरोबरी झाली तरी पुढे जाण्याची आशा होती. चौथ्याच मिनिटाला स्टॉपर अनस एडाथोडिका जखमी होऊन बाहेर गेला आणि सलाम रंजन सिंगला अंग गरम करायलाही उसंत न मिळता उतरावं लागलं. भारताने 90 मिनिटं किल्ला लढवला आणि भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर गोल खाल्ला. 0-1. त्या दिवशी बाकावर काय होतं, कोण होतं, याची चर्चा फारशी झाली नाही. मला मात्र वाटतं की असे सामने बाकच जिंकून देतो किंवा घालवतो.

आणि जानेवारी 2022. महिलांचा आशिया करंडक आपल्याच देशात, नवी मुंबईत. इराणशी 0-0 झाल्यावर चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी, 23 जानेवारीला, संघात कोविडची लागण इतकी पसरली होती की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान 13 जणीसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारत स्पर्धेबाहेर गेला, इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला. त्या मुलींनी त्या स्पर्धेसाठी किती महिने काढले असतील! संघाच्या यादीतली शेवटची नावं कशासाठी असतात, असं मला कुणी विचारलं की मी हा दिवस सांगतो.

तुमच्या मुलाच्या रागाला खरं उत्तर कोलवाळच्या एका माणसाच्या आयुष्यात आहे. फॉर्च्युनातो फ्रँको, बार्देशातला, मधल्या फळीतला हाफ बॅक. 1960 च्या रोम ऑलिम्पिकच्या भारतीय संघात त्याचं नाव होतं, पण एकाही सामन्यात उतरायला मिळालं नाही. दोन वर्षांनी, 4 सप्टेंबर 1962 ला, जकार्तात आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण जिंकलं, त्या संघात फ्रँको होता. रोममध्ये त्याला फुकट नेलं होतं असं आज कोण म्हणेल? त्याच स्पर्धेत प्रशिक्षक रहीम यांनी जर्नेल सिंगसारख्या बचावपटूला, डोक्याला टाके पडलेले असताना, पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं आणि त्याने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. दोन जागा खेळणाऱ्या माणसाचं मोल मी मघाशी सांगितलं, त्याचं याहून मोठं उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये मला माहीत नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर गुरप्रीत सिंग संधूचं घ्या. 2011 च्या आशिया करंडकाला तो 18 वर्षांचा होता, सुब्रत पालच्या मागे उभा. सुब्रत पालवर दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलिया गोळ्यांसारखे फटके मारत होते आणि गुरप्रीत ते बाकावरून बघत होता. 2019 ला भारताचा पहिला गोलरक्षक तोच होता. तिसऱ्या गोलरक्षकाच्या जागी काही प्रशिक्षक मुद्दाम कोवळा मुलगा नेतात तो याचसाठी.

बाकावर बसणंसुद्धा एक काम आहे, आणि ते कसं केलं जातं यावर पुढची निवड ठरते. 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप फातोर्ड्याला आला, तेव्हा मी जमेल तितके सामने पाहिले. प्रत्येक संघात 21 मुलं. 10 ऑक्टोबरला इराणने जर्मनीला 4-0 हरवलं. लोक गोल बघत होते, मी मुद्दाम इराणच्या बाकाजवळची जागा धरली होती. चौथा गोल झाल्यावरही ती राखीव पोरं उभी राहून आत ओरडून जागा सांगत होती, पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत होती. हेच मी माझ्या मुलांना सांगतो. आणि उलटही पाहिलं आहे: गुणी मुलगा, पण बाकावर बसवला की तोंड फिरवून बसणारा. महिनाभर हॉटेलात, एकाच बसमध्ये 26 माणसं कोंडलेली असतात. त्यात एक कुरकुरणारा असला तर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना त्याची लागण होते. म्हणून दोन सारख्या गुणांच्या खेळाडूंत प्रशिक्षक नेहमी दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवणारा निवडतो. मीही तेच करतो आणि मला त्यात अन्याय दिसत नाही.

शिफारशीचं विचारलंत, तर उत्तर टाळणार नाही. खालच्या वयोगटांत चालते. अमक्याच्या पुतण्याला घ्या असा निरोप मला आला आहे, आणि एकदा मी ऐकलं नाही तेव्हा पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. पण जसजसं वर जावं तसतसं ते कमी होतं, कारण वर हरण्याची किंमत प्रशिक्षकाला स्वतःला मोजावी लागते. नोकरी टांगणीला असताना कुणाच्या पुतण्याला कोण खेळवेल?

आता गोव्याची नावं. 2000 च्या दशकात महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावं भारताच्या संघात सवयीची होती. त्याआधी ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो. 1999 मध्ये मडगावातच बांगलादेशला 2-0 हरवून भारताने दक्षिण आशियाई करंडक घेतला, तेव्हा ब्रुनोसाठी स्टेडियम कसं उठलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. जानेवारी 2024 च्या आशिया करंडकात भारताच्या 26 जणांत गोव्याचे दोघे होते, ब्रँडन फर्नांडिस आणि लिस्टन कुलासो. 2019 ला रोलिन बोर्जेस.

मुलांमधले गुण आटले असं मला अजिबात वाटत नाही. भातकापणी झाली की शेतात आजही गोलपोस्ट उभे राहतात. कारण दुसरीकडे आहे. कुठल्याही राष्ट्रीय संघाच्या यादीत नावापुढे क्लबचा रकाना असतो, तो मी सगळ्यात आधी वाचतो. वर सांगितलेले गवळी, नाईक, लॉरेन्स, मिरांडा हे चौघेही धेंपो या गोव्याच्या क्लबसाठी खेळले, आणि धेंपो पाच वेळा देशाचा विजेता ठरला. एकाच क्लबात आठवड्याला एकत्र खेळणारी माणसं प्रशिक्षकाला आयती मिळत होती. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. एका फटक्यात गोव्यातल्या मुलाला घराजवळ वरच्या पातळीवर खेळायच्या कितीतरी जागा गेल्या. धेंपो पुढे आय-लीगमध्ये परतला, पण मधल्या वर्षांत जी मुलं 18 ते 22 वयाची होती त्यांची ती वर्षं परत येणार नाहीत. त्यात इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीला 11 पैकी 6 परदेशी मैदानात असत, 2021-22 पासून 4 झाले. परदेशी खेळाडू क्लब कुठे वापरतात? स्ट्रायकर, मधला मिडफिल्डर, स्टॉपर. म्हणून तर सुनील छेत्रीनंतर नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर कोण, हा प्रश्न देशाला अजून सुटत नाही. मिनिटं मिळाली नाहीत तर राष्ट्रीय प्रशिक्षक निवडणार तरी कुणाला? तुमचा मुलगा विंगर आहे, हे त्याच्या पथ्यावरच आहे.

आणखी एक गोष्ट फक्त गोव्याची आहे आणि ती मी प्रत्येक पालकाला सांगतो. पासपोर्ट. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे 19 डिसेंबर 1961 आधी, इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि कित्येक घरांनी घेतलं आहे. कुणी का घेऊ नये? पोटाचा प्रश्न आहे. पण भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारताच्या संघात खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. माझ्याकडे सासष्टीतला एक मिडफिल्डर होता, राज्याकडून खेळलेला. 17 व्या वर्षी घरच्यांनी त्याचे कागद केले. वर्षभराने वरच्या शिबिराची विचारणा झाली तेव्हा त्याला नाही म्हणावं लागलं. तो आता इंग्लंडमध्ये गोदामात काम करतो, रविवारी खेळतो, सुखी आहे. पण त्या दिवशी तो माझ्या पायरीवर बसून रडला होता. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताने उलटा रस्ता धरला, 2012 मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि पुढच्या वर्षी भारताकडून खेळला. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं, पण एका वेळी एकच. मुलगा चांगला खेळत असेल तर कागदांचा निर्णय त्याला बाजूला ठेवून घेऊ नका.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला शांतपणे तीन गोष्टी विचारा. त्याच्या संघात लेफ्ट बॅक किती होते? तिन्ही सामन्यांत समोरचा राइट बॅक कोणत्या पायावर वळत होता? आणि प्रशिक्षकाने त्याला बाकावर असताना काही काम सांगितलं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं तर तो बाकावर बसून शिकला आहे. नाही आलं तर पुढच्या वेळी काय करायचं ते त्याला कळेल.

पावसाळ्यात सामने कमी असतात, ते चार महिने त्याला लेफ्ट बॅक शिकवून घ्या. विंगरला पुढे धावण्याची सवय असते, मागे धावायचं शिकायला वेळ लागतो. एकास एक अडवणं, मागच्या खांबाजवळचा हेडर, थ्रो-इनच्या वेळी जागा धरणं, इतकं आलं तरी पुरे. भातकापणीनंतर गावातले सामने सुरू होतील, त्यात निदान चार-पाच सामने त्याला मागे खेळू द्या, गोल खाल्ले तरी चालतील. मग पुढच्या चाचणीच्या अर्जात जागेच्या रकान्यात लेफ्ट विंग लिहा आणि त्यापुढे लेफ्ट बॅक. दुसरं मात्र ते सामने खेळून झाल्यावरच लिहा, कारण माझ्यासारखा कुणी अर्ज वाचत असेल तर तो त्याला पहिल्या 10 मिनिटांत तिथेच उभा करून बघेल.